अनुभव धागा : रिक्वायरमेंट आणि टेस्ट केस यांच्यातले दुवे

पाषाणकर :
आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने परवा एका जुन्या टेस्ट केसवर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याच्या लिहून ठेवलेल्या पायऱ्यांवर, बोट ठेवून "ही नेमकी कशासाठी आहे?" असे विचारले आणि मला हिंजवडीतला एक जुना प्रकल्प आठवला. मोटारीच्या दारांचे नियंत्रण करणाऱ्या ईसीयूचे, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकाचे, ते काम होते. वाहनाचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर गेला की सर्व दारे आपोआप लॉक झाली पाहिजेत, अशी एका वाक्याची रिक्वायरमेंट, म्हणजे लेखी अपेक्षा, होती. तिला एक टेस्ट केस जोडलेली होती, ती दर रिलीजला पास होत असे आणि कोणत्या रिक्वायरमेंटला कोणती टेस्ट केस जोडली आहे हे दाखवणाऱ्या तक्त्यात, म्हणजे ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समध्ये, तिची ओळ हिरवी दिसत असे. ग्राहकाकडून तपासणीसाठी आलेल्या असेसरनी मॅट्रिक्सकडे फारसे लक्षच दिले नाही. त्यांनी ती टेस्ट केस उघडायला लावली आणि तिच्या पायऱ्या मोठ्याने वाचून घेतल्या. वेग २० वर न्यावा आणि चालकाच्या दाराचा लॉक सिग्नल पाहावा, एवढेच तिथे लिहिलेले होते. उरलेल्या तीन दारांचा उल्लेख नव्हता, वेग नेमका १५ असताना दारे लॉक होऊ नयेत हे कोणी तपासत नव्हते आणि वेगाचा सिग्नलच आला नाही तर काय व्हावे, हा प्रश्न तर रिक्वायरमेंटमध्येही नव्हता. दुवा होता, पण त्या वाक्यातला 'सर्व' हा शब्द तपासणारे कोणी नव्हते.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की रिव्ह्यू करताना मॅट्रिक्समधला हिरवा रंग न पाहता, दुव्याच्या दोन्ही टोकांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचला पाहिजे. आपापल्या क्षेत्रातले अनुभव सर्वांनी जरूर लिहावेत.

चिंचवडची टेस्टर :
आमच्याकडे पूर्वी सगळा कारभार एक्सेलमध्ये चालत असे आणि रिक्वायरमेंटचा ओळ क्रमांक हीच तिची ओळख मानली जात असे. कोणीतरी मध्येच एक ओळ घातली की खालचे सगळे क्रमांक एकाने सरकायचे, टेस्ट केसच्या शीटमधले जुने आकडे मात्र जागच्या जागी राहायचे. ब्रेक दिव्याच्या रिक्वायरमेंटसमोर हॉर्नची टेस्ट केस दिसू लागली, तेव्हा कुठे हे लक्षात आले. त्यानंतर ठरले की प्रत्येक रिक्वायरमेंटला स्वतःचा क्रमांक मिळेल, आणि ती रद्द झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या कोणालाही दिला जाणार नाही. हा नियम पाळला तर एक्सेलमध्येही काम नीट चालते आणि पाळला नाही तर महागडे टूल घेऊनही उपयोग होत नाही.

एरंडवणे :
मी वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयईसी ६२३०४ या मानकानुसार आम्हाला सिस्टिमच्या रिक्वायरमेंट, सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट, त्यांच्या चाचण्या आणि धोका आटोक्यात ठेवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये केलेले उपाय, या चौघांना एकमेकांशी जोडून दाखवावे लागते. यातल्या चौथ्या गोष्टीचे महत्त्व मला शिरेतून औषध देणाऱ्या इन्फ्युजन पंपाच्या कामात समजले. रिग्रेशनला, म्हणजे बदलानंतर जुन्या चाचण्या पुन्हा चालवायला, फार वेळ लागतो म्हणून चाचण्या कमी करण्याचे ठरले होते आणि नळीत हवेचा बुडबुडा आल्यावर अलार्म वाजतो की नाही, ही चाचणी "आजवर कधीच फेल झालेली नाही" या कारणाने वगळण्याच्या यादीत आली होती. तिचा दुवा उलट्या दिशेने पाहिल्यावर ती थेट रुग्णाच्या रक्तवाहिनीत हवा जाण्याच्या धोक्यापर्यंत पोहोचली आणि यादीतून ताबडतोब बाहेर निघाली. तो दुवा नसता, तर पुढच्या रिलीजपासून तो अलार्म कोणी तपासलाच नसता.

औंधकर :
एरंडवणे, अगदी पटले. उलट्या दिशेचा दुवा बहुतेक ठिकाणी केवळ ऑडिटपुरता असतो, याचे मला फार वाईट वाटते.

मी डोअर्स या रिक्वायरमेंट सांभाळण्याच्या टूलवर काम करतो. त्यात रिक्वायरमेंट बदलली की तिला जोडलेल्या दुव्यांवर 'संशयित' अशी खूण उमटवता येते. ही सोय उत्तम आहे, पण रिलीजच्या आदल्या संध्याकाळी शेकडो खुणा एकगठ्ठा पुसून टाकताना मी लोकांना पाहिले आहे. आमच्या सध्याच्या लीड मॅडमनी त्यावर एक साधा उपाय केला. जो खूण पुसेल त्याने टेस्ट केस बदलली की नाही आणि बदलली नसेल तर का नाही, हे एका वाक्यात लिहायचे. "गरज नाही" एवढेच लिहिलेले त्या स्वीकारत नाहीत. सुरुवातीला कुरकुर झाली, पण आता कालमर्यादा ५०० मिलिसेकंदांवरून ३०० वर आली आणि टेस्ट मात्र ५०० च धरून बसली आहे, असे प्रकार त्याच आठवड्यात सापडतात.

विमाननगर :
आमच्या विमानांच्या क्षेत्रात डीओ-१७८सी या मानकानुसार दुवे दोन्ही दिशांनी दाखवावे लागतात, म्हणजे ज्या कोडमागे रिक्वायरमेंट नाही तोही उघडा पडतो. नव्या मुलांना मी नेहमी एरियन ५ या युरोपीय रॉकेटचे उदाहरण देतो. ४ जून १९९६ रोजी ते रॉकेट पहिल्याच उड्डाणात, साधारण ३७ व्या सेकंदाच्या सुमारास भरकटले आणि नष्ट झाले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसली नाही, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो कोड एरियन ४ वरून आला होता आणि त्यातल्या त्या चुकलेल्या भागाचे काम एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हते, हे फार थोड्यांना माहीत असते. चौकशी अहवालातली दुसरी नोंद तर आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. दिशादर्शक यंत्रणेच्या स्पेसिफिकेशनमध्ये एरियन ५ च्या उड्डाणमार्गाची माहितीच नव्हती. मूळ गरजच कागदावर उतरली नाही, तर खालचे सगळे दुवे बिनचूक असूनही उपयोग होत नाही. म्हणून माझ्या मते सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटपासून वर, सिस्टिमपर्यंत जाणारा दुवा आधी तपासावा आणि टेस्ट केसकडे नंतर वळावे.

चिंचवडची टेस्टर :
विमाननगर, उलट बाजूचे उदाहरण १९९९ मध्ये मंगळाजवळ गमावलेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाचे आहे. तिथे न्यूटन-सेकंद हे एकक स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेले होते, पण जमिनीवरचे सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत राहिले आणि ती ओळ पाळली जाते की नाही, हे शेवटपर्यंत तपासले गेले नाही.

नवीन_बाणेर :
माझा एक प्रश्न आहे. आमच्याकडे दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे टप्पे, असतात आणि टेस्ट केस जिरा या कामे नोंदवण्याच्या टूलमधल्या स्टोरीला जोडतात. एवढे पुरेसे आहे का?

पाषाणकर :
माझ्या अनुभवाप्रमाणे पुरेसे नाही. स्टोरी हे कामाचे एकक आहे, ती पूर्ण झाली की बंद होते. पण तिने घडवलेले वर्तन उत्पादनात वर्षानुवर्षे राहते आणि नंतरच्या चार स्टोऱ्या तेच वर्तन बदलत जातात. मग टेस्ट केस पहिल्या, बंद झालेल्या स्टोरीला चिकटून राहते आणि आज नेमके काय अपेक्षित आहे, हे कोणालाच एका जागी सापडत नाही. रिक्वायरमेंटची यादी स्टोरीपासून वेगळी आणि चालू स्थितीत ठेवा, टेस्ट केस त्या यादीला जोडा आणि स्टोरीकडे केवळ 'हा बदल कधी व का झाला' याची नोंद म्हणून पाहा.

भोसरीकर :
नवीन_बाणेर, एक भर घालतो. आम्ही विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बॅटरी नियंत्रणाचे सॉफ्टवेअर करतो. अशा वाहनांच्या सुरक्षेच्या एआयएस १५६ या भारतीय मानकाची तिसरी दुरुस्ती २०२२ मध्ये आली आणि तिचे दोन टप्पे १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ या तारखांपासून लागू झाले. आमच्या यादीत प्रत्येक रिक्वायरमेंटसमोर ती नियमातल्या कोणत्या कलमातून आली आहे, याचा रकाना आधीपासून होता. त्यामुळे बदललेली कलमे वेगळी काढल्यावर कोणत्या टेस्ट केस पुन्हा लिहाव्या लागतील आणि कोणत्या कलमांसाठी आपल्याकडे काहीच नाही, हे आम्हाला लगेच कळले. ज्या टीमकडे हा रकाना नव्हता, त्यांनी संपूर्ण दस्तऐवज पहिल्या पानापासून वाचून काढला. तुमच्या यादीत 'उगम' असा एक रकाना आजच घाला. ग्राहकाचा ईमेल असेल तर त्याची तारीखही तिथेच लिहा.

नवीन_बाणेर :
सर्वांचे आभार. उद्याच्या रिव्ह्यूमध्ये लॉगिनच्या टेस्ट केसपासून सुरुवात करते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक टेस्ट केस बंद झालेल्या स्टोऱ्यांनाच जोडलेल्या आहेत.