मदत हवी आहे : अडीच महिन्यांचं पिल्लू कालपासून गप्प गप्प आहे

नमस्कार. मोती गावठी आहे, अडीच महिन्यांचा. आठव्या आठवड्यात पहिली लस झाली, दुसरी या शनिवारी आहे. जंतांचं औषध दोनदा दिलंय.

कालपासून काहीतरी बिघडलंय. उलटी नाही, अंग हाताला गरम लागत नाही. पण मी कामावरून येऊन चप्पल काढली की ती पळवायला धावणारा मोती काल नुसती शेपटी हलवून पुन्हा डोकं टेकवून पडला. दूधभात अर्धा ठेवला. पाण्याच्या भांड्यापाशी जातो, उभा राहतो, न पिताच परततो. शी सैल आहे, रक्त नाही. एरवी पायाशी झोपणारा हा आज दिवाणाखाली पार आत जाऊन बसलाय.

घरचे म्हणतात, पिल्लं झोपतातच. झोपतात, पण उठल्यावर उड्या मारतात ना! मागच्या पावसाळ्यात आमचं आधीचं पिल्लू "जरा सुस्त आहे" म्हणता म्हणता दोन दिवसांत पार्वोने, म्हणजे कुत्र्यांच्या विषाणूच्या आजाराने, गेलं. दवाखाना आता सकाळीच उघडेल. तोवर काय बघू?

— ताई, वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या किंवा चिकट असतील तर सकाळची वाट बघू नका. ताप हाताने कळत नाही, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून शीच्या जागी घ्या. 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक, 103 च्या वर गेला तर डॉक्टरांना रात्रीच फोन करा. आपलं पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का तेही बघा.

आणि एका लशीवर निर्धास्त राहू नका. पार्वोचा विषाणू जमिनीत, वस्तूंवर महिनोन् महिने टिकतो, फिनाइलने मरत नाही. शीची तपासणी दवाखान्यात काही मिनिटांत होते, ती करायला सांगाच.

— दादा, हिरड्या फिकट आहेत, ताप 103.4. डॉक्टरांनी फोन उचलला, लगेच आणा म्हणाले. रिक्षा बोलावली आहे. मोती आधीच्या पिल्लाच्याच टोपलीत झोपतो. फिनाइलने धुतली होती. तेही त्यांना सांगते.