शाळेत स्वतः निवडलेल्या प्रोजेक्टमुळे मुलीचं करिअरचं स्वप्नच बदललं, हे कितपत मनावर घ्यायचं?

निळी छत्री

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी लेक १५ वर्षांची आहे, हायस्कूलला. लहानपणापासून "मी डॉक्टर होणार" हे एकच पालुपद, आम्हीही तेच धरून चाललो होतो. यावर्षी शाळेने सगळ्या वर्गाला एकच प्रोजेक्ट न देता प्रत्येकाला आपापला विषय निवडायला सांगितला, वर्षभर एक शिक्षक सोबतीला दिले आणि दोन आठवडे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन बसायचं असं ठरवलं. हिने हॉस्पिटल निवडलं. तिथे एका आजोबांना कृत्रिम पाय बसवत होते, तो सॉकेट म्हणजे मांडीवर बसणारा खोलगट भाग त्यांना टोचत होता, तर तिथला तंत्रज्ञ तो काढायचा, घासायचा, परत बसवायचा, असं चार वेळा केलं म्हणे. हिचं डोकं तिथेच अडकलं. आता रात्री ११ पर्यंत सॉकेटची चित्रं काढत बसते, थ्रीडी डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकतेय, आणि म्हणते मला डॉक्टर नाही, हे पाय बनवणारी व्हायचंय.

नवरा म्हणतो दोन आठवड्यांचा उत्साह आहे, ओसरेल. मला कळत नाहीये. या वयात एका अनुभवाने ठरलेलं स्वप्न टिकतं का? आणि प्रत्येकाला असं वेगवेगळं देऊन शाळा मुलांना फार लवकर एका खणात तर टाकत नाहीये ना?

वाटाड्या

ताई, मी शाळकरी मुलांचं करिअर समुपदेशन करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारताय नवीन स्वप्न टिकेल का, पण आधीचं डॉक्टरचं स्वप्न कधी तपासलं होतं का? या वयातली बहुतेक मुलं जी नावं सांगतात ती त्यांनी ऐकलेली असतात, ते काम जवळून बघितलेलं नसतं. ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेचा २०२० चा एक रिपोर्ट आहे, ४१ देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं ३० व्या वर्षी काय काम करत असाल, तर ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली त्याच त्या १० व्यवसायांत अडकलेल्या निघाल्या. २००० सालापेक्षा हे प्रमाण वाढलंय, कमी नाही झालं! जगात हजारो कामं आहेत आणि निम्म्या मुलांना दहाच दिसतात. तुमच्या मुलीला अकरावं दिसलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

डोनाल्ड सुपर नावाचे अभ्यासक होऊन गेले, त्यांनी साधारण १५ ते २४ हा काळच चाचपडून बघण्याचा मानलाय. म्हणजे आत्ता मत बदललं यात काही बिघडलेलं नाही, हे वयच त्यासाठी आहे.

एक करा, तिला "काय व्हायचंय" हे विचारूच नका. तिथे वेळ कधी भरभर गेला आणि कंटाळा कशाचा आला एवढंच विचारा.

खडू आणि फळा

मी २० वर्षं शिकवतेय, मला थोडी सावध बाजू मांडायचीय.

हल्ली "प्रत्येकासाठी वेगळं शिक्षण" हे दोन अगदी निराळ्या गोष्टींना म्हणतात. एकात कॉम्प्युटर प्रत्येकाला त्याच्या वेगाने गणितं देतो. अभ्यासाला त्याचा उपयोग होत असेल, पण त्याने कुणाला आयुष्यात काय करावंसं वाटेल असं मला काही दिसलं नाही. दुसऱ्यात एक मोठं माणूस त्या मुलाला ओळखतं, त्याचं काम नीट बघतं, चुकलं तर सोबत बसतं. तुमच्या शाळेने दुसरं केलंय असं वाटतंय, तसं असेल तर चांगलं आहे.

खणाची तुमची भीती मात्र मला खोटी वाटत नाही, कारण मी स्वतः ती चूक केलीय. वर्गात एक अबोल मुलगा होता, नाटकाच्या वेळी मी त्याला दरवर्षी पडद्यामागचं काम द्यायचे, तो करायचाही छान, मला वाटायचं मी याला बरोबर ओळखलंय. शाळा सोडून गेल्यावर भेटला तेव्हा म्हणाला, बाई, मला एकदा तरी स्टेजवर यायचं होतं. ते मला अजून लागतं. आपण मुलाला ओळखलं असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आपण त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते.

दुसरं म्हणजे, लिंडा गॉटफ्रेडसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये मांडलं होतं की मुलं ६ ते ८ वर्षांची असतानाच "हे मुलांचं काम, हे मुलींचं" असं म्हणून कामं मनातून वगळायला लागतात, मग ९ ते १३ मध्ये कुठल्या कामाला मान आहे ते बघून आणखी वगळतात. म्हणजे हायस्कूलला येईपर्यंत निम्मी दारं पोरांनीच लावून घेतलेली असतात. मशीनवर घासकाम करणं हे तुमच्या मुलीने कदाचित लहानपणीच वगळलं असेल, ते बघितल्यामुळे परत उघडलं. म्हणून असा अनुभव एकदाच नको, दोन-तीन वेगवेगळे हवेत, आणि त्यातला एक तरी तिच्या आवडीच्या बाहेरचा.

कानोसा

मी त्या वयातून गेलेला, आता २७. मला शाळेत असाच मोकळा प्रोजेक्ट मिळाला होता, मी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड केले. पहिलं सगळं रेकॉर्डिंग वाऱ्याच्या आवाजाने वाया गेलं, मी रडकुंडीला आलो होतो, तर सर ओरडले नाहीत की धीर देत बसले नाहीत, हेडफोन लावून माझ्यासोबत पूर्ण ऐकलं आणि म्हणाले इथे तीन सेकंद स्वच्छ आहेत, हे कसे आले ते शोध. त्या तीन सेकंदांवर मी महिना घालवला.

तेव्हा घरी सांगून टाकलं होतं की मी पक्षीतज्ज्ञ होणार. झालो नाही. आज मी कमी ऐकू येणाऱ्या लोकांना श्रवणयंत्र लावून देतो, त्यांच्या कानाप्रमाणे सेटिंग करतो, आणि हे काम करताना मला रोज ते हेडफोन आठवतात. त्यामुळे कामाचं नाव टिकेल की नाही यात फार अडकू नका.

वाटाड्या

कानोसा, तुमच्या सरांनी केलं ते फार महत्त्वाचं. आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो यावर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये चार वाटा सांगितल्या, त्यात सगळ्यात जोरकस म्हणजे स्वतः करून जमलेलं काम. कौतुकाचे शब्द त्याच्या बरेच मागे येतात.

पायवाट

एक मुद्दा राहतोय. ही कामाची जागा कोण शोधून देतं? शाळेने पालकांवर सोडलं की ओळखी असलेल्यांची मुलं चांगल्या ठिकाणी जातात आणि बाकीची कुठेतरी झेरॉक्स काढत बसतात, मी त्या बाकीच्यातला होतो. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला मेट नावाची शाळा १९९६ पासून आहे, तिथे मुलं आठवड्याचे दोन दिवस बाहेर कामावर असतात आणि जागा शोधणं, फोन करणं हाच अभ्यासाचा भाग, मदतीला शाळेचा सल्लागार असतो. तसं असेल तरच हे सगळ्या मुलांचं होतं.

निळी छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. वाटाड्यांनी सांगितलं तसंच काल विचारलं. म्हणाली, "डॉक्टर आजोबांशी पाच मिनिटं बोलले, तो दादा पाऊण तास त्यांच्या पायाशी बसला होता. मला पाऊण तासवालं काम आवडलं." कंटाळा कशाचा आला तर म्हणे फाईली भरण्याचा.

नवराही ऐकत होता. रात्री तिच्या खोलीत जाऊन म्हणाला, दाखव बघू तो सॉकेट. आता पुढच्या सत्रात ती दुसरं ठिकाण घेणार आहे, आणि जीवशास्त्र, गणित दोन्ही सोडायचं नाही एवढं आम्ही तिघांनी मिळून ठरवलंय. पायवाट, तुमचा मुद्दा मी पालकसभेत मांडणार आहे, तिच्या वर्गातल्या दोघींना जागाच मिळाली नव्हती हे मला कालच कळलं.