डॉन (dawn) म्हणजे नक्की किती वाजता?

प्रश्न: मुलीला इंग्लिशचा अभ्यास घेताना डॉन आणि सनराइज एकच असं सांगितलं तर ती म्हणते टीचर वेगळं सांगतात, मग खरं काय?

उत्तर १: टीचर बरोबर आहेत. सनराइज म्हणजे सूर्याची कडा क्षितिजावर दिसते तो क्षण, डॉन त्याच्या आधीचं, आपलं झुंजूमुंजू, तांबडं फुटतं ते. खगोलवाले तर तीन डॉन मानतात, सूर्य क्षितिजाखाली १८, १२ आणि ६ अंशांवर असताना, ६ चा तो सिव्हिल, तेव्हा बाहेर दिव्याशिवाय दिसायला लागतं.

उत्तर २: आणि ते क्रियापद पण आहे हां. इट डॉन्ड ऑन मी म्हणजे डोक्यात प्रकाश पडला, तिथे पहाट झाली असं लिहिलं की मार्क गेले 😄

उत्तर ३: सुरुवात या अर्थानेही येतं, डॉन ऑफ अ न्यू एरा वगैरे, भाषणात फार घासून गुळगुळीत झालंय ते. पाकिस्तानातल्या पेपरचं नाव पण डॉनच, जिनांनी १९४१ ला दिल्लीत काढलेला.

उत्तर ४: पिक्चरमधला डॉन वेगळा बरं का, स्पेलिंग बघा 😂