मेडिकेअर कंपन्यांच्या हातात नको
मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा, खासगी कंपन्यांकडे दिला की स्पर्धेने खर्च कमी होईल हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत १९६५ साली मेडिकेअर आणावं लागलं तेच मुळी म्हाताऱ्या माणसांना परवडेल असा विमा कंपन्या देत नव्हत्या म्हणून! आज मेडिकेअरमधले निम्म्याहून जास्त लोक मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमध्ये, म्हणजे खासगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर योजनांत आहेत, दात-चष्म्याचं आमिष असतंच, पण खुब्याचं हाड मोडल्यावर रिहॅबला (पुन्हा चालतं-फिरतं करणाऱ्या उपचार केंद्रात) पाठवायचं तर डॉक्टरने सांगूनही आधी कंपनीची परवानगी लागते, आणि २०२२ च्या सरकारी अहवालात नाकारलेल्या अशा विनंत्यांपैकी १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत बसणाऱ्या निघाल्या. बरं, वैतागून सरकार थेट चालवतं त्या मूळ मेडिकेअरमध्ये परत जावं तर बहुतेक राज्यांत मेडिगॅपवाले (मूळ मेडिकेअरमधून न सुटणारा खर्च भरणारा खासगी पूरक विमा विकणारे) जुने आजार बघून सरळ नाही म्हणू शकतात.