एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांसाठी वेगळे क्लिनिक असावे का?

धागालेखक:
एचआयव्हीसह जगणाऱ्या गर्भवतीवर उपचार झाले नाहीत, तर गर्भारपण, प्रसूती आणि अंगावरचे दूध मिळून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांखाली येते. सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहेत हे न पाहता निदान झालेल्या प्रत्येकाला आजन्म एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २०१५ पासून आहे. म्हणजे औषध कोणाला द्यायचे यावर आता वाद उरलेला नाही. ते कोणत्या दारातून द्यायचे, यावर आहे. माझे मत असे की, या मातांसाठी वेगळी खोली, वेगळा वार आणि वेगळ्या रंगाचा केसपेपर ठेवणे बंद करावे आणि त्यांना सर्वसाधारण माता-बाल क्लिनिकमध्येच तपासावे. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणे म्हणजे तोंडाने न सांगता निदान जाहीर करणे होय. जिने घरी अद्याप कोणालाच सांगितलेले नाही, ती बाक पाहूनच परत फिरते आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो.

समुपदेशक:
बाकाबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सर्वसाधारण क्लिनिकमध्ये वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या आणि लसीकरण उरकता उरकता रांग संपत नाही. तिथे ‘गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या आणि का’ हे विचारायला कोणाला सवड आहे? बाटली पिशवीत खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबणाऱ्या, किंवा गोळ्या साध्या पुडीत काढून लेबल लावलेली बाटली वाटेतच टाकून देणाऱ्या स्त्रिया मला भेटल्या आहेत. हे त्यांनी सांगितले ते दार लावल्यानंतर, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या भेटीत, कारण समोर दर वेळी तीच व्यक्ती बसलेली होती. ही ओळखच उपचार टिकवते. तुमच्या योजनेत ती कुठे बसते?

अभ्यासू वाचक:
समुपदेशकांनी खोली आणि माणूस यांची गल्लत केली आहे. आधार देते ती माणसे, भिंती नव्हेत. दक्षिण आफ्रिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मदर्स टू मदर्स’ या संस्थेने स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांनाच प्रशिक्षण आणि पगार देऊन इतर मातांच्या सोबतीला नेमले. अशी मार्गदर्शक माता सर्वसाधारण क्लिनिकमध्येही बसू शकते. स्तनपानाचा सल्ला सगळ्याच बायकांना लागतो, त्यामुळे तिच्याशी बोलताना कोणी दिसले तरी त्यातून काही उघड होत नाही.

वॉर्डातली परिचारिका:
दोन्ही बाजूंचा वाद प्रसूतीपाशी येऊन थांबतो, आणि माझ्या अनुभवात खरी गळती तिथूनच सुरू होते. गर्भारपणात बाई बाळासाठी गोळ्या घेते. बाळंतपणानंतर झोप नाही, अंगात त्राण नाही, आणि क्लिनिकचे लक्षही बाळाकडे वळलेले असते. बाळाच्या कार्डावर पुढच्या तारखा ठळक असतात: सहाव्या आठवड्याच्या सुमारास पीसीआर (रक्तात थेट विषाणू शोधणारी चाचणी), आणि आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडींमुळे) निकाल फसवा येऊ नये म्हणून निर्णायक प्रतिपिंड चाचणी अठराव्या महिन्यात. आईच्या व्हायरल लोडची (रक्तातले विषाणूंचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीची) तारीख मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. वास्तविक आई एआरटीवर असेल तर किमान बारा महिने स्तनपान करावे, ते चोवीस महिने किंवा त्याहून पुढेही चालू ठेवता येते, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. म्हणजे त्या सबंध काळात आईच्या गोळ्या हेच बाळाचे मुख्य संरक्षण असते. त्या चुकू लागल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि बाईला काहीच होत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. वर एखादी दोन महिन्यांनी आली की तिला आधी बोलणी खावी लागतात (हे आमच्याच लोकांबद्दल लिहिते आहे). मग ती तिसऱ्या महिन्यात कशाला येईल? अठराव्या महिन्यात बाळाचा निकाल निगेटिव्ह आला की सर्वांना हायसे वाटते आणि आईचा केसपेपर मागे पडतो, जणू तिचा आजार बाळापुरताच होता.

धागालेखक:
परिचारिकाबाईंच्या मुद्द्याने माझीच बाजू भक्कम होते, असे मला वाटते. आईच्या गोळ्या एका ठिकाणी, बाळाची लस दुसऱ्या ठिकाणी आणि दोन्हींचे वार वेगळे, अशी व्यवस्था असेल तर तान्हे बाळ घेतलेली बाई दोन्हींपैकी एकच फेरी करणार, आणि ती बाळाची असणार. दोघांची तपासणी एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हावी आणि आईच्या व्हायरल लोडची तारीख लसीच्या तारखेशेजारीच लिहावी. स्थिर असलेल्या मातेला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, तर फेऱ्याही कमी होतील.

समुपदेशक:
एकाच दिवशी दोघांची तपासणी, याला माझा विरोध नाही. मात्र वेगळ्या क्लिनिकमध्ये एखादी माता आली नाही तर संध्याकाळी फोन कोणी करायचा हे ठरलेले असते, आणि तो फोन घरातल्या दुसऱ्याने उचलला तर काय बोलायचे नाही, हेही ठरलेले असते. सर्वसाधारण क्लिनिकच्या शंभर नावांत तिचे नाव गळाले, तर ते कोणाच्या लक्षात येणार, याचे उत्तर या धाग्यावर अजून कोणी दिलेले नाही. ते काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या, मग खोलीचे दार आपण खुशाल काढून टाकू.