नर्सिंग स्टाफचा बर्नआउट मोजायचाय: फॉर्म कोणता, कितीदा?

दांडियाबाजारकर:
नमस्कार. वडोदऱ्यातल्या एका खाजगी रुग्णालयासाठी विचारतोय. साथ लांबली तर स्टाफच्या बर्नआउटवर, म्हणजे कामाने पार पिचून येणाऱ्या थकव्यावर, नजर ठेवायची आहे. साधारण 140 जण, बहुतेक गुजराती, काही मल्याळी सिस्टर. मास्लाकचा 22 प्रश्नांचा बर्नआउट फॉर्म दरमहा भरून घ्यावा का?

रात्रपाळी:
दरमहा 22? तिसऱ्या महिन्यापासून सगळे न वाचता मधल्या घरात खुणा करतील. शिवाय मास्लाकला परवाना विकत घ्यावा लागतो. कोपनहेगनची बर्नआउट प्रश्नावली (2005) फुकट आहे. तिच्या 19 पैकी कामाच्या थकव्याचे 7 प्रश्न दर तीन महिन्यांनी विचारा. उत्तरांना 0, 25, 50, 75, 100 गुण (जास्त गुण म्हणजे जास्त थकवा), मग सरासरी. चारपेक्षा कमी उत्तरं असतील तर फॉर्म बाद.

एक प्रश्न उलटा आहे: फावल्या वेळात घरच्यांसाठी, मित्रांसाठी ताकद उरते का? इथे 'नेहमी'ला 0. एक्सेलमध्ये हा उलटवायचा राहिला की एकाची सरासरी 14 गुणांपर्यंत हलते, आणि ताजातवाना माणूस दमलेला दिसतो.

पहिली मोजणी नवरात्रात नको, गरब्याचं जागरण ड्यूटीच्या खात्यात जाईल. नाइट करून निघालेल्याच्या हातातही फॉर्म देऊ नका.

मोजपट्टी:
नुसत्या सरासरीवर जाऊ नका. समजा आयसीयूत 20 जण. पाच जणांचे 80, पंधरा जणांचे 40. सरासरी 50. ते पाच राजीनामा देऊन गेले की सरासरी 40. कागदावर सुधारणा! म्हणून सोडून गेलेल्यांचा आकडा त्याच तक्त्यात शेजारी हवा. रजांचंही तसंच: साथीत रजा रद्द केल्या की रजेचा आकडा आपोआप छान दिसतो. मागितलेल्या आणि नाकारलेल्या रजा मोजा. डबल ड्यूट्या, दोन पाळ्यांत 11 तासांहून कमी अंतर, हे रोस्टरमध्येच सापडतं.

दांडियाबाजारकर:
50 च्या वर गेलेल्यांची नावं मेट्रनना द्यावीत का? बोलावून विचारपूस करता येईल.

रात्रपाळी:
अजिबात नको. एकदा बोलावणं गेलं की पुढच्या फेरीत सगळ्यांचे 25. दहाहून कमी माणसांचा वॉर्ड वेगळा दाखवू नका, शेजारच्यात मिसळा. आणि 50 म्हणजे निदान नव्हे. आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही बर्नआउट हा आजार धरलेला नाही. निनावी फॉर्ममध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारू नका. 'हो' आलं तर कुणाकडे धावणार? तळाशी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 छापा.

मोजपट्टी:
गुजराती फॉर्म दुसऱ्या कुणाकडून मूळ भाषेत परत उतरवून ताडून बघा. मानसिक थकव्याच्या प्रश्नात नुसतं 'थाक' लिहिलंत तर पाय दुखणारेही 'हो' म्हणतील.