सिस्कोची एएसए फायरवॉल (नेटवर्कची सुरक्षा करणारं यंत्र) पुसली तरी जुनं कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) परत येतंय, मदत हवी आहे

जुळे_सोलापूर: अर्जंट आहे, परीक्षा तोंडावर आलीये. घरी सेकंडहँड एएसए आहे. एक लॅब (सरावाची मांडणी) झाली की पुसून दुसरी करायची, पण राइट इरेज (साठवलेलं कॉन्फिगरेशन पुसायची कमांड) आणि मग रीलोड (रीस्टार्ट) करूनही जुने आयपी आणि ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं याचे नियम) परत येतात. काय करू?

होटगीरोडकर: मॉडेल कुठलं? रीलोडला 'सेव्ह करायचं का' विचारते तेव्हा काय देता? 'यस' दिलं की चालू कॉन्फिगरेशन परत लिहिलं जातं. 'नो' द्या.

जुळे_सोलापूर: ५५१५-एक्स. 'नो'च देतो.

कन्सोलवाला: बूट होताना एस्केप दाबून रॉममॉनमध्ये (बूटच्या आधीचा दुरुस्ती मोड) जा, रजिस्टर ४१ करा, म्हणजे साठवलेलं कॉन्फिगरेशन वगळून बूट होतं. आत गेल्यावर नवा पासवर्ड टाकून परत ०१ करा.

होटगीरोडकर: अहो, पासवर्ड कुठं विसरलेत ते?

कन्सोलवाला: कधीतरी लागतंच की ओ.

सातरस्ता: खरा बॉक्स कशाला बाळगायचा? ईव्ह-एनजीत (संगणकावर आभासी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) नोड, म्हणजे आभासी उपकरण, बंद करून वाइप केलं की काम झालं. सोलापूरच्या मे महिन्यात घरात तो पंखा आणि ती गरम हवा नको.

होटगीरोडकर: अजिबात पटत नाही. यंत्राला थेट कन्सोल केबल लावून ९६००च्या वेगावर बूट मेसेज वाचायची सवय बॉक्सवरच लागते.

सातरस्ता: आधी परीक्षा तर पास होऊ दे त्यांना!

फोर्टीप्रेमी: फोर्टिगेट (दुसऱ्या कंपनीची फायरवॉल) घ्या. एक्झिक्यूट फॅक्टरीरीसेट, एका कमांडीत विषय संपला.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट: 'शो मोड' कमांड काय दाखवते, सिंगल की मल्टिपल?

जुळे_सोलापूर: मल्टिपल. कॉन्टेक्स्टचीच (एकाच बॉक्सवर अनेक आभासी फायरवॉल) लॅब चाललीये ना. रीलोडनंतर रिकामं असतं, कॉन्टेक्स्ट बनवून कॉन्फिग-यूआरएल (त्याच्या फाइलचा पत्ता) दिलं की जुनं सगळं हजर.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट: हे आधी सांगायचं ना! मल्टिपल मोडमध्ये राइट इरेज फक्त सिस्टिमचं (सगळ्या कॉन्टेक्स्टच्या वरच्या पातळीचं) स्टार्टअप कॉन्फिगरेशन पुसतं. प्रत्येक कॉन्टेक्स्टची सीएफजी (कॉन्फिगरेशन) फाइल डिस्क० वर, म्हणजे आतल्या फ्लॅश मेमरीत, तशीच राहते, तुम्ही तेच नाव दिलं की ती उचलते. रीलोड झाल्यावर, कॉन्टेक्स्ट बनवायच्या आधी, सिस्टिममधून 'डिर' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारा आणि त्या फाइली एकेक डिलीट करा, ॲडमिन कॉन्टेक्स्टचीसुद्धा. डिस्क फॉरमॅट करू नका, ऑपरेटिंग सिस्टिमची इमेजही तिथंच असते.

जुळे_सोलापूर: झालं! कोरं आलं. मनापासून आभार. ओल्ड-रनिंग नावाची पण एक फाइल दिसतीये, उडवू का?

एमआयडीसी_नाईटशिफ्ट: नको. मल्टिपलला जाताना बॉक्सनं ठेवलेली जुनी प्रत आहे ती. सिंगलला परतताना आधीचं हवं असेल तर तीच स्टार्टअपला कॉपी करायची.

विजापूररोड: सोलापुरात याचा चांगला क्लास कुठे आहे?